सुटं दूध की पिशवीतलं?

गायीला दगडी, म्हणजे कासदाह झाला की सडातून अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. अर्धवट उपचार, पुन्हा पुन्हा तेच औषध, यातून स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात आणि धारेबरोबर दुधात उतरतात.

गवळ्याच्या सुट्या दुधातून ते जिवंतच घरी येऊ शकतात. पाश्चराइज्ड पिशवीतलं दूध साधारण ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवलेलं असतं. तेवढ्यात ते मरतात. औषधाला न जुमानणारा जिवाणू उष्णतेपुढे काही खास तगडा नसतो. म्हणजे सुटं दूध नीट उकळलं की हा फरक जवळपास मिटतो. धास्ती आहे ती कच्च्या दुधाची आणि त्याच्या चीजची.

दुधात उतरलेल्या औषधाचं मात्र वेगळं. पेनिसिलिन उकळून पुरतं जात नाही, पाश्चरायझेशननेही नाही. दही लागेना झालं तर विरजणाला नावं ठेवण्याआधी ही शंकाही घ्यावी! इथे ओळखीचा गवळी बरा: ‘औषध चालू असलेल्या गायीचं दूध बाजूला काढता ना?’ असं तोंडावर विचारता येतं. पिशवीत अनेक गोठ्यांचं दूध एकत्र. तिथे भिस्त डेअरीच्या तपासणीवर. मी पिशवीच घेते, तीही तापवून.