वांद्र्यातलं रविवारचं फिलिपिनो जेवण

तिसरा मजला, लिफ्ट नाही. वर पोचेस्तोवर आईचे गुडघे कुरकुरायला लागले आणि "एवढं काय ठेवलंय इथे?" हे तिने दोनदा विचारलं. दोन फिलिपिनो मैत्रिणी दर रविवारी घरीच आठ-दहा जणांना जेवू घालतात. माणशी ८५० रुपये, आदल्या दिवशी कळवावं लागतं.

केळीच्या पानांवर वाढतात, हाताने जेवायचं. याला त्यांच्याकडे 'कामायान' म्हणतात. आई तिथेच खूश. चिकन अडोबोत व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, तमालपत्र, मिरी. मनिलाहून आणलेलं व्हिनेगर संपलं की गोव्याचं माडाचं घालतात. मला काही फरक कळला नाही. सिनिगांग म्हणजे चिंचेचं आंबट सार, त्यात रावस. आईने तीनदा मागून घेतलं, वर "आमसूल घालून बघा" हेही सांगितलं. पुढच्या खेपेला खरंच घातलं होतं!

धाकटी थोरलीला 'आते' म्हणते. मला वाटलं, आत्या-भाची. तर तिकडे आते म्हणजे थोरली बहीण, मग ती मानलेली का असेना. बुधवारी दोघी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे मेरीमातेच्या प्रार्थनेला, जातात. मनिलाच्या बाक्लारान चर्चमध्येही बुधवारीच नोव्हेना, आणि दोन्हीकडे सुरुवात १९४८ची. "माहीमची गर्दी बघितली की घरी गेल्यासारखं वाटतं," थोरली म्हणाली.

लेचे फ्लान, म्हणजे अंडी-दुधाचं कॅरॅमल पुडिंग, मात्र फार गोड, आणि पान वाढायला अर्धा तास उशीर. तरी आईने नाताळाआधीचा रविवार सांगून ठेवलाय. गुडघ्यांसकट.