रेकॉर्डवरचा खर्ज हलका का लागतो? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल (पट्ट्याने फिरणारा रेकॉर्ड प्लेअर), मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईची हालचाल विजेच्या संकेतात बदलणारा भाग) आणि वेगळा फोनो प्रीअँप (तो क्षीण संकेत वाढवून देणारं उपकरण) असा संच मी काही महिने जवळजवळ रोज वापरते आहे. त्याच अँप्लिफायरला डॅकही (डिजिटल फाइलचं ध्वनीच्या संकेतात रूपांतर करणारं उपकरण) जोडलेला असल्याने एकच अल्बम रेकॉर्डवर आणि फाइलवर आलटूनपालटून ऐकता येतो. गाणाऱ्याचा गळा, झांजा, गिटारची तार याबाबत मी टर्नटेबलवर खूश आहे. पण बास गिटार आणि बास ड्रम फाइलवर जेवढे भरून येतात तेवढे रेकॉर्डवर येत नव्हते, आणि याचं कारण सापडेपर्यंत मला चैन पडलं नाही.

सगळ्यांत जास्त फरक पडला तो आवाजाची पातळी जुळवल्यावर. नव्याने मास्टर केलेल्या (प्रकाशनाआधी अंतिम ध्वनिसंस्कार केलेल्या) फाइल्स बऱ्याचदा मोठ्या आवाजात वाजतात. नॉब तिथेच ठेवून रेकॉर्ड लावली की ती हळू वाजते. आणि आवाज कमी झाला की आपल्या कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षा जास्त घटलेला वाटतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं होतं. मोबाइलवरच्या ध्वनिमापक अॅपने गाण्याचा एकच तुकडा दोन्हीकडे सारख्या पातळीवर आणला, तेव्हा माझ्या तक्रारीतला बराचसा भाग गळून पडला. तुलना करायची तर आधी हे करा, बाकीचं नंतर.

उरलेला फरक मात्र खरा होता, आणि त्याचं मूळ रेकॉर्डच्या खोबणीत आहे. सुईचा वेग तोच ठेवायचा तर 50 हर्ट्झच्या स्वराला 1000 हर्ट्झच्या स्वरापेक्षा 20 पट रुंद हेलकावा लागतो. एवढी जागा दिली तर एका बाजूवर फारच थोडं संगीत मावेल, शिवाय शेजारची खोबण कापली जाईल. म्हणून 1950च्या दशकापासून रूढ असलेल्या आरआयएए वक्रानुसार (कोणता स्वर किती दाबायचा वा उचलायचा हे ठरवणारं प्रमाण) रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबतात आणि वरचे स्वर उचलतात. 50 हर्ट्झला ही घट सुमारे 17 डेसिबल असते. फोनो प्रीअँप तेवढीच भर परत घालतो, त्यामुळे तत्त्वतः काही हरवत नाही.

हरवतं ते कापणाऱ्या इंजिनिअरच्या टेबलावर. स्टिरिओ खोबणीत दोन्ही चॅनेलमध्ये एकसारखा असलेला आवाज सुईला आडवं हलवतो आणि दोन चॅनेलमधला फरक तिला वर-खाली हलवतो. डावी-उजवीकडे विखुरलेला जोरकस खर्ज सुईला खोबणीतून उडवू शकतो. त्यामुळे साधारण 150 ते 300 हर्ट्झच्या खालचा भाग बऱ्याचदा मोनो केला जातो. मधोमध असलेल्या बास ड्रमला यात धक्का लागत नाही, पण दोन्ही बाजूंना पसरलेला सिंथेसायझरचा खर्ज आक्रसतो. त्यात बाजू लांब असेल तर एकूण पातळीच खाली आणावी लागते. 33⅓ आरपीएमच्या (मिनिटाला तेवढे फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डवर बाजू 20-22 मिनिटांच्या पुढे गेली की मला हे ऐकू येतं. उलट माझ्याकडे एक 12 इंची, 45 आरपीएमची रेकॉर्ड आहे, बाजूला एकच गाणं. तिचा बास फाइलच्या तोडीस तोड आहे! ती ऐकल्यापासून ‘रेकॉर्डवर बास येतच नाही’ हे विधान मला मान्य नाही.

आता प्रीअँपबद्दल. माझ्या प्रीअँपला सबसॉनिक फिल्टरचा (ऐकू येण्यापेक्षाही खालची कंपनं गाळणारा) खटका आहे. प्रीअँप खर्ज उचलताना मोटरची घरघर आणि वाकड्या रेकॉर्डचे हेलकावेही उचलतो, ते थोपवायला हा फिल्टर. चांगला फिल्टर ऐकू येणाऱ्या बासला फारसा हात लावत नाही. काही प्रीअँपमध्ये मात्र आयईसी या आंतरराष्ट्रीय प्रमाण-संस्थेने 1976 मध्ये आरआयएए वक्रात सुचवलेल्या दुरुस्तीप्रमाणे 20 हर्ट्झला 3 डेसिबलची घट कायमची बसवलेली असते. ती 40 हर्ट्झलाही जवळजवळ 1 डेसिबल खाते. विकत घेण्यापूर्वी तांत्रिक माहितीत एवढं जरूर पाहा.

टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिजची जोडी मी आकड्यांवर तपासली. आर्मचं परिणामी वस्तुमान, कार्ट्रिज आणि स्क्रू मिळून 16.5 ग्रॅम, कार्ट्रिजचा कम्प्लायन्स (सुईच्या आधाराची लवचिकता) 15. त्यावरून अनुनाद (ही जोडी आपोआप जास्त हलते ती कंपनसंख्या) सुमारे 10 हर्ट्झला येतो. 8 ते 12 ही योग्य पट्टी, त्यामुळे माझ्याकडे दोष तिथे नव्हता.

आणखी एक तपासणी, पाच मिनिटांची. कार्ट्रिजच्या मागच्या चार तारांचे रंग पिनांशी जुळवा: पांढरी-निळी डावीकडची, लाल-हिरवी उजवीकडची. एकाच बाजूची जोडी उलट लागली असेल तर दोन स्पीकरचा खर्ज एकमेकांना खोडतो. अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबून पाहा. गायकाचा आवाज दाबताच जवळजवळ नाहीसा झाला, तर तारा नक्कीच उलट आहेत.

हे सगळं पाहून झाल्यावर माझी वाटणी ठरली आहे. पाइप ऑर्गन आणि खोल इलेक्ट्रॉनिक संगीत मी फाइलवरच ऐकते. तिथे 30 हर्ट्झच्या खालचं संगीत खरोखर असतं आणि डिजिटलला ते द्यायला काहीच कष्ट नाहीत. छोट्या वाद्यमेळाचं जॅझ आणि जुनी गाणी टर्नटेबलवर. उभ्या डबल बासची सगळ्यांत खालची मोकळी तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते, आणि नीट कापलेल्या रेकॉर्डवर ती माझ्या स्पीकरमधून पूर्ण येते.