हायड्रॉलिक टॅपेटच्या गाडीला ‘टॅपेट सेटिंग’चं बिल

गाडी स्विफ्ट डिझेल, इंजिन 1.3 लिटरचं मल्टिजेट. तक्रार एवढीच की सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केली की दोन-तीन सेकंद टकटक येते आणि मग थांबते. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून कान लावला, “टॅपेट ढिले झालेत साहेब, सेटिंग मारावं लागेल,” असं सांगितलं आणि संध्याकाळी गाडी परत दिली. बिलावर टॅपेट सेटिंग 16 व्हॉल्व्ह, टॅपेट कव्हर गॅस्केट, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि लेबर. दुसऱ्या दिवशी आवाज खरोखरच आला नाही, म्हणून मालकाने आनंदाने आणखी दोघांना त्याच गॅरेजचा पत्ता दिला.

त्या बिलातल्या पहिल्या दोन नोंदी खोट्या आहेत, आणि हे गाडी न बघताही सांगता येतं.

टॅपेट सेटिंग म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यामधला बारीक गॅप जुळवणं. या इंजिनात त्यासाठी स्क्रू नाही आणि शिम, म्हणजे जाडी जुळवायची चकतीही नाही. प्रत्येक व्हॉल्व्हवर रोलरवाला रॉकर, म्हणजे कॅमचा दाब व्हॉल्व्हपर्यंत नेणारी छोटी पट्टी, बसतो आणि त्या रॉकरचं एक टोक हायड्रॉलिक लिफ्टरवर, म्हणजेच हायड्रॉलिक टॅपेटवर, टेकलेलं असतं. लिफ्टरच्या आत एक छोटा प्लंजर, त्याखाली स्प्रिंग आणि एक बारीक गोळी. ऑइलचं प्रेशर आलं की प्लंजर वर सरकतो आणि गॅप शून्यावर आणतो. कॅमचा दाब पडला की गोळी वाट बंद करते, आत अडकलेलं ऑइल दबत नाही आणि लिफ्टर घट्ट उभा राहतो. दर वेळी थोडं ऑइल झिरपतं, तेवढंच परत भरतं. इंजिन चालू असताना सेटिंग आपोआप होतच असतं. फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, घालायला जागाच नाही.

कव्हर गॅस्केटचंही तेच. जुन्या मारुती 800सारखं वरचं कव्हर उचललं की रॉकर समोर, असा प्रकार इथे नाही. कॅमशाफ्ट हेडच्या वरच्या स्वतंत्र कास्टिंगमध्ये बसतात. रॉकरपर्यंत पोचायचं तर कॅमशाफ्टला लॉकिंग पिना लावून टायमिंग सोडायचं, तो अख्खा भाग उचलायचा आणि बसवताना सांध्यावर नवं सीलंट लावायचं. एवढं काम चहाच्या दोन फेऱ्यांत होत नाही.

मग आवाज गेला कशाने? ऑइलने. या इंजिनात जेमतेम 3 लिटरच्या आसपास ऑइल मावतं, त्यामुळे अर्धा-पाऊण लिटर कमी झालं तरी फरक पडतो. गाडी रात्रभर उभी राहिली की लिफ्टरमधलं ऑइल थोडं उतरतं आणि सकाळी ते भरेपर्यंत टकटक होते. ताजं ऑइल योग्य लेव्हलला भरलं की लिफ्टर लवकर भरतात. ही फसवणूक पचते ती यामुळेच. काम ऑइल करतं, पैसे सेटिंगचे लागतात.

कधी कधी त्याच्याही पुढे जाऊन 5W30च्या जागी 20W50 घालतात. जाड ऑइलने आवाज दबतो, पण थंड इंजिनात टर्बोपर्यंत ते उशिरा पोचतं. आणि आवाज दबणं हाच मोठा धोका आहे, कारण कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या टायमिंग चेनला ताणून धरणारा टेन्शनरही ऑइल प्रेशरवरच चालतो. चेन ताणली गेली असेल तर तीही सकाळी पहिले काही सेकंदच खडखडते. लिफ्टरची टकटक वरून, हेडमधून येते, एकसारखी असते आणि तिची गती इंजिनच्या निम्मी असते, म्हणजे 800 आरपीएमला एका व्हॉल्व्हची मिनिटाला 400 वेळा. चेनचा खडखडाट टायमिंग कव्हरच्या बाजूने येतो आणि ओबडधोबड असतो. त्यावर टॅपेटचं बिल लावून गाडी परत पाठवली आणि चेनने पुढे दात सोडले, तर पिस्टन व्हॉल्व्हला आदळतात.

आवाज गरम इंजिनातही टिकत असेल तर आधी डिपस्टिक बघा. लेव्हल कमी असणं वाईट, आणि जास्त भरणंही तितकंच वाईट: क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि फेस लिफ्टरमध्ये गेला की तो दबतो. त्यानंतर ऑइलचा ग्रेड आणि ते किती जुनं आहे ते पाहा. मग ऑइल प्रेशर स्विच काढून तिथे गेज लावून प्रेशर मोजायला सांगा. हे न करता “16 लिफ्टर बदलायला लागतील” म्हणणाऱ्याला थांबवा. बदललेच, तर जुने सोळाच्या सोळा हातात मागून घ्या. नवे बसवल्यावर लगेच स्टार्टर मारायचा नसतो. फोक्सवॅगन अर्धा तास थांबायला सांगते, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो.

सेटिंग खरंच लागणाऱ्या गाड्याही आहेत. होंडा सिटीच्या 1.5 आय-व्हीटेकला स्क्रू आणि नट आहे: इंजिन थंड असताना इनटेक 0.15 ते 0.19 मिमी, एक्झॉस्ट 0.26 ते 0.30 मिमी. डस्टरच्या 1.5 डिझेलमध्ये वेगवेगळ्या जाडीचे टॅपेट बदलून गॅप जमवतात, तेव्हा बिलात त्या टॅपेटचे नंबर दिसलेच पाहिजेत. हायड्रॉलिक असूनही नट फिरवावा लागतो तो जुन्या शेव्हरोले स्मॉल ब्लॉक व्ही-8ला. तिथे पुशरॉडचा, म्हणजे लिफ्टर आणि रॉकरमधल्या दांडीचा, वर-खाली खेळ संपला की नट अर्धा ते एक फेरा आवळतात. जास्त आवळला तर व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि जळतो.

गाडी देतानाच जॉब कार्डवर लिहून घ्या: “हायड्रॉलिक टॅपेट, विचारल्याशिवाय हेड उघडू नये, जुने पार्ट परत.” बिल आधीच भरलं असेल तर कोणत्या व्हॉल्व्हचा गॅप आधी किती होता आणि नंतर किती ठेवला, हे लेखी मागा. उत्तर मिळालं नाही तर जॉब कार्ड, बिल आणि ते मागणीपत्र जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं तर मुदत 2 वर्षांची आहे.