नाव गावात घालावे की मुंबईत? गरोदरपणाची नोंद, सरकारी पैसा आणि कोकणातल्या घराचा निर्णय

सासर भांडुपला, माहेर देवगड तालुक्यात आणि पहिले बाळंतपण माहेरी करायचे हे लग्नाच्या बोलणीतच गृहीत धरलेले, अशा मुलीचे नाव नेमके कुठे घालायचे हा प्रश्न कोकणातल्या घरांत दर वर्षी पडतो. बहुतेक वेळा त्याचे उत्तर नवऱ्याची रजा, गाडीचे आरक्षण आणि सासूबाईंची तब्येत पाहून दिले जाते. या गोष्टी क्षुल्लक नाहीत, पण सरकार गरोदर बाईचा माग कसा ठेवते आणि तिच्यासाठीचा पैसा कोणत्या वाटेने येतो हे कळले, तर हाच निर्णय थोड्या वेगळ्या क्रमाने घेता येतो. म्हणून गाव आणि मुंबई या दोन्ही पर्यायांची येथे शेजारी शेजारी ठेवून तुलना केली आहे.

प्रथम नोंदीविषयी. सरकारच्या दोन वेगळ्या वह्या आहेत आणि त्यांची गल्लत केली की पुढचे काहीच समजत नाही. पहिली वही दवाखान्याची. २००८ पासून चालणाऱ्या एचएमआयएस या आरोग्य माहितीच्या प्रणालीत प्रत्येक उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि रुग्णालय महिन्याचे आकडे भरते: किती नावनोंदण्या, किती बाळंतपणे, किती सिझर, किती लसी. त्यात कोणाचेही नाव नसते. दुसरी वही बाईची. २००९ च्या सुमारास सुरू झालेल्या माता-बालक माग प्रणालीची जागा पुढे आरसीएच, म्हणजे प्रजनन व बाल आरोग्य, पोर्टलने घेतली. या पोर्टलवर प्रत्येक गरोदर स्त्रीला एक क्रमांक मिळतो आणि तपासण्या, धनुर्वाताचे इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या, प्रसूती आणि बाळाच्या लसी त्या एकाच क्रमांकाखाली एकापुढे एक लिहिल्या जाव्यात अशी अपेक्षा असते. अंगणवाडीचा पोषण ट्रॅकर आणि लसीकरणाचे यू-विन ही या दोन वह्यांच्या जोडीला आलेली आणखी दोन खाती आहेत.

आता नाव देवगडच्या उपकेंद्रात घातले आणि बाळंतपण मुंबईत झाले, तर काय होते ते पाहा. पहिल्या वहीत उपकेंद्राच्या नावावर एक नोंदणी चढते, प्रसूती मात्र मुंबईच्या रुग्णालयाच्या खात्यात जाते. दुसऱ्या वहीत त्या बाईच्या पानावर प्रसूतीचा रकाना कोरा राहतो आणि तो भरण्यासाठी आशाताई फोन लावतात. असा एक फोन मी आमच्या पडवीत बसून ऐकला आहे. "मोकळी झालंस काय गो? चेडू की झील? वजन किती भरला?" एवढे विचारून त्यांनी मांडीवरच्या वहीत तारीख, वजन आणि रुग्णालयाचे नाव लिहून घेतले आणि मग "दूध नीट पिता मां?" असे आपणहून विचारले. हा शेवटचा प्रश्न कोणत्याही रकान्यात बसत नाही. माझ्या मते गावातल्या नोंदीची खरी ताकद तिथेच आहे.

गावात साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा असते. कोणाच्या घरी सून आली आणि कोणाला दिवस गेले हे तिला अर्ज भरण्याआधीच ठाऊक असते, त्यामुळे बारा आठवड्यांच्या आत नाव घालणे गावात सोपे जाते. मुंबईत महापालिकेची आरोग्य केंद्रे आहेत आणि वस्त्यांमधून फिरणाऱ्या आरोग्य स्वयंसेविकाही आहेत, पण भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलली की स्वयंसेविका बदलते, केंद्र बदलते आणि बाई यादीतून हळूच निसटते. याउलट तपासणीची सोय मुंबईत निःसंशय चांगली आहे. सोनोग्राफीसाठी आडगावच्या बाईला अर्धा दिवस घालवून तालुक्याला किंवा त्याच्याही पुढे जावे लागते, मुंबईत तेच काम दोन बस थांब्यांच्या अंतरात होते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली तज्ज्ञ डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते आणि ही सोय २०१६ पासून दोन्हीकडे आहे. गावातल्या बाईने ती तारीख चुकवू नये, कारण तिच्या वाट्याला तज्ज्ञ तेवढाच दिवस हमखास येतो.

पैशाचा भाग लोक सर्वांत आधी विचारतात, आणि निर्णयाच्या दृष्टीने तोच सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. जननी सुरक्षा योजना २००५ ची. महाराष्ट्रात तिचा लाभ दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जातींच्या आणि जमातींच्या स्त्रियांना मिळतो. ग्रामीण भागात प्रसूती झाली तर ७०० रुपये आणि शहरात ६०० रुपये. या शंभर रुपयांसाठी कोणी गाव निवडू नये हे सांगायलाच नको. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची रक्कम मोठी आहे, पण ती गावात आणि मुंबईत सारखीच आहे: पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, आणि २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये. पहिला ३,००० रुपयांचा हप्ता सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि किमान एक तपासणी झाल्यावर मिळतो. दुसरा २,००० रुपयांचा हप्ता बाळाच्या जन्माची नोंद आणि लसींची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर मिळतो. ही फेरी साडेतीन महिन्यांच्या लसीपाशी संपते. म्हणजे कोकणातल्या नेहमीच्या वेळापत्रकात पहिल्या हप्त्याच्या वेळी बाई मुंबईत असते आणि दुसऱ्याच्या वेळी माहेरी. घोळ होतो तो नेमका इथे.

माझ्या भाचीचे तसेच झाले. मुंबईत दहाव्या आठवड्यात नाव घातले, क्रमांक मिळाला, पहिला हप्ताही आला. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला ती गावी आली, तेव्हा माता-बाल संरक्षण कार्ड भांडुपच्या कपाटात राहिले होते. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी क्रमांक विचारला, तो कोणालाच पाठ नव्हता, आधार कार्डावर अजून माहेरचे आडनाव होते, आणि शेवटी वेळ जाऊ नये म्हणून त्यांनी नवी नोंदणी करून टाकली. एकाच बाईची दोन नावांनी दोन पाने तयार झाली. बाळाच्या लसी दुसऱ्या पानावर चढल्या, हप्त्याचा अर्ज पहिल्या पानाचा होता, आणि दोन हजार रुपये मिळेपर्यंत मुलगा रांगायला लागला होता. यात कोणाची हयगय होती असे मी म्हणणार नाही. नोंद बाईच्या मागे जावी अशी व्यवस्था आहे, पण ती जाण्यासाठी क्रमांक बाईच्या हातात असावा लागतो. आणखी एक बारीक गोष्ट: ही रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. मुंबईत एक आणि गावच्या बँकेत एक अशी दोन खाती असतील, तर शेवटी आधार जोडलेल्या खात्यात ती पडते. पैसे आलेच नाहीत अशी तक्रार करणाऱ्या काही घरांत ते माहेरच्या जुन्या पासबुकात सापडले आहेत.

हातात न पडणारा पैसा याहून मोठा असतो. जून २०११ पासून लागू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी संस्थेतील प्रसूती, सिझर, औषधे, तपासण्या आणि रक्त मोफत आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरमध्ये सात दिवस जेवण मिळते, शिवाय घरून दवाखान्यात, तिथून पुढच्या रुग्णालयात आणि परत घरी अशी वाहनाची सोय आहे. कागदावर हे देवगडला आणि परळला सारखेच आहे. प्रत्यक्षात गावात यातला सर्वांत मोलाचा भाग वाहनाचा असतो, कारण वाडीपासून तालुक्यापर्यंतची खासगी गाडी रात्री दोन वाजता काय भाव सांगेल याचा नेम नाही. तिथे १०२ क्रमांकाची गाडी वेळेवर येणे हीच खरी आर्थिक मदत असते. मुंबईत अंतर थोडे, तिथे मोफत औषधे आणि तपासण्या यांची किंमत अधिक जाणवते.

संस्थांना मिळणारा पैसा कसा ठरतो, हे कुटुंबाला जाणून घेण्याची गरज वाटत नाही, पण ग्रामपंचायतीत बसणाऱ्यांनी तरी जाणून घ्यावे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च महाराष्ट्रात केंद्र ६० आणि राज्य ४० अशा वाट्याने उचलला जातो आणि जिल्ह्याचा आराखडा मागील कामाच्या आकड्यांवरून बनतो, म्हणजे त्या पहिल्या, बिननावाच्या वहीवरून. त्यात एक निकष असा आहे की महिन्याला किमान ३ बाळंतपणे होणारे उपकेंद्र आणि किमान १० होणारे प्राथमिक आरोग्य केंद्र हे प्रसूती केंद्र मानले जाते, आणि माणसे व साधने देताना अशा केंद्रांना आधी धरले जाते. आता कोकणाकडे पाहा. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आणि सिंधुदुर्गाची ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर उतरली. गावातली कमावती तरुण पिढी मुंबईला, उरलेल्या सुना तालुक्याच्या खासगी दवाखान्यात, मग आरोग्य केंद्रात महिन्याला दहाचा आकडा यायचा कुठून? बाळंतपणे कमी म्हणून माणसे कमी आणि माणसे कमी म्हणून बाळंतपणे आणखी कमी, असे हे चक्र आहे. हा निकष डोंगराळ, विरळ वस्तीच्या किनारपट्टीला अन्यायकारक आहे असे माझे मत आहे. तरीही केंद्राचा आकडा वाढावा म्हणून कोणी आपल्या सुनेला अपुऱ्या सोयीच्या ठिकाणी ठेवावे असे मी सुचवणार नाही. मुंबई महापालिकेचे तसे नाही. अभियानाच्या निधीच्या जोडीला तिचे स्वतःचे आरोग्य अंदाजपत्रक आहे आणि तिच्या प्रसूतिगृहांना बायकांची वाट पाहावी लागत नाही. तिथली अडचण उलटी, म्हणजे गर्दीची.

प्रसूती प्रत्यक्ष कुठे करायची याला मात्र एकच खरी कसोटी आहे. अडलेल्या बाळंतपणात सिझर करता येणे, नवजात बाळाला सांभाळता येणे आणि चोवीस तास रक्त उपलब्ध असणे, या तीन गोष्टी जिथे आहेत त्या संस्थेला प्रथम संदर्भ केंद्र म्हणतात. आपल्या घरापासून असे ठिकाण किती वेळावर आहे, आणि ते पाटीवर आहे की रात्रीही चालू असते, हे विचारून घ्यावे. भूलतज्ज्ञाचे पद मंजूर असणे वेगळे आणि भूलतज्ज्ञ हजर असणे वेगळे. हा प्रश्न तालुक्याच्या रुग्णालयात सरळ विचारला तर सिस्टर सरळ उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे. सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला अनेक कुटुंबे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा विचार करतात. त्यांनी हे लक्षात ठेवावे की तिथे राज्याची हद्द ओलांडली जाते, आणि बाळाच्या जन्माची नोंद जन्मस्थळी, म्हणजे गोव्यात होते.

पहिलटकरीण असली तरी प्रकृती ठीक, रक्तदाब नीट, रक्त पुरेसे आणि असे केंद्र तासाभराच्या आत असेल, तर माहेर हा पर्याय मुंबईपेक्षा कमी नाही, उलट बाळंतपणानंतर सरस आहे. आशाताई संस्थेत झालेल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ पाहतात. मुंबईत प्रसूत होऊन पंधराव्या दिवशी गावी आलेल्या बाईच्या पहिल्या तीन भेटी बहुधा होतच नाहीत. आधीचे सिझर, जुळे, वाढलेला रक्तदाब किंवा सातच्या खालचे हिमोग्लोबिन असेल, तर भावनेला बाजूला ठेवून मुंबईतच राहावे, नाहीतर नववा महिना लागताच जिल्ह्याच्या ठिकाणी नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा. पावसाळ्यातली तारीख असेल तर घाटातली दरड आणि पुलावरचे पाणीही या हिशेबात धरावे.

नावनोंदणीपुरते बोलायचे, तर बाई बाराव्या आठवड्यापर्यंत जिथे आहे तिथेच ते घालावे. माहेरी जायचे आहे म्हणून थांबू नये. जाताना नवी नोंद करून घेऊ नये, जुना क्रमांक दाखवून त्याच्याच पुढे लिहायला सांगावे. अंगणवाडीलाही स्थलांतर कळवावे, पोषण ट्रॅकरमध्ये नाव एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येते. भाचीच्या दुसऱ्या वेळी आमच्या वहिनीने कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून एक तिच्या फोनमध्ये, एक जावयाच्या आणि एक आशाताईंच्या फोनमध्ये ठेवला, आणि क्रमांक खडूने स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिला. दिवाळीत रंगकाम झाले तेव्हा तेवढा चौकोन सोडून बाकी दार रंगवले.