नागपुरातल्या बर्डीच्या फुटपाथवरचं जुन्या पुस्तकांचं दुकान
वेल्सच्या खाणकामगारांवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक दीडशेला मिळालं. दुकानदार भाऊ दोनशेच्या खाली यायला तयार नव्हते; मी सिलेवाऱ्याच्या खाणीतून रिटायर झालेला, हे कळल्यावर नरमले. मजकुरात पैसे वसूल! १९०० मध्ये मर्थर टिडफिलमधून कामगार नेते केअर हार्डी खासदार झाले, १९१० मध्ये टोनीपँडीचा संप चिघळला, १९१३ मध्ये सेंघेनिडच्या स्फोटात ४३९ खाणकामगार गेले. ट्रेडेगरचे कामगार तर पगारातून वर्गणी कापून स्वतःचे डॉक्टर ठेवत. तिथलाच खाणकामगार अन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला आणि १९४८ मध्ये अख्ख्या ब्रिटनला मोफत उपचार मिळाले. (आमच्या युनियनवाल्यांनी वाचावंच हे.) बांधणी मात्र उसवलेली, नकाशाचं पान गायब. घेताना पानं चाळून घ्या, भाऊ परत घेत नाहीत.