संस्थेसाठी नकाशा: गूगल माय मॅप्स, ओपनस्ट्रीटमॅप की क्यूजीआयएस?

वस्तीत काम करणाऱ्या संस्थेला कधी ना कधी नकाशा लागतोच. वरची तिन्ही साधनं फुकट आहेत, त्यामुळे निवड पैशावरून होत नाही. माहिती कोणाची आहे आणि ती कोणाला दिसली तर चालेल, हे आधी ठरवा.

गूगल माय मॅप्स एका दुपारी शिकता येतं. एक्सेलमधले पत्ते चढवले की ठिपके उमटतात. अंगणवाड्या, दवाखाने, शिबिरं दाखवायला एवढं पुरे. एका नकाशात थर (म्हणजे एकावर एक ठेवलेले माहितीचे वेगळे गट) मात्र दहाच. लाभार्थ्यांची घरं त्यावर टाकणार असाल तर शेअरिंगची सेटिंग आधी तपासा; लिंक मिळालेल्या कुणालाही नकाशा दिसेल असा पर्याय सहज निवडला जातो.

ओपनस्ट्रीटमॅप हा कुणालाही भरता येणारा, जगाचा खुला नकाशा; तो २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रह चित्रांवरून राजधानी पोर्तोप्रिन्सचे रस्ते आणि इमारती भरभर रेखाटल्या, आणि मदत पथकांनी तोच नकाशा वापरला. तुमचा पाडा कुठल्याच नकाशावर नसेल तर पहिला मान याला. पायवाट, विहीर, शाळा भरा. पण इथे भरलेलं सगळ्या जगाला खुलं असतं. कोणत्या घरात क्षयाचा रुग्ण आहे, असलं काही इथे कदापि टाकू नका.

क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं आणि तपासायचं संगणकावरचं सॉफ्टवेअर. ते शिकायला वेळ लागतो, लॅपटॉपही बरा हवा. तरीही माझा कौल यालाच, कारण प्रश्नांची उत्तरं इथेच मिळतात. पुण्याची शेल्टर असोसिएट्स ही संस्था १९९३ पासून झोपडपट्ट्यांत काम करते. शौचालय नसलेली घरं आणि ड्रेनेजची लाइन एकाच नकाशावर आणायची, ही तिची रीत. लाइन जवळून जाते त्या घरात स्वतंत्र शौचालय लगेच बांधता येतं. जिथे ती पोचतच नाही तिथे महापालिकेकडे नेमकी कोणती गल्ली मागायची, हे नकाशाच दाखवतो. नुसत्या टक्केवारीच्या तक्त्यातून ही गल्ली सापडत नाही. शिवाय फाइल तुमच्याच लॅपटॉपवर राहते.

तिघांतलं एकच निवडायला हवं असंही नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरचे रस्ते क्यूजीआयएसमध्ये उघडतात, त्यावर घरांची खासगी माहिती स्वतःकडे ठेवता येते. घरोघरी नोंदींसाठी मोबाइलवर कोबोटूलबॉक्स हे फॉर्म भरायचं साधन घ्या. रेंज नसली तरी जीपीएससकट फॉर्म भरला जातो, आणि त्याचा तक्ता क्यूजीआयएसमध्ये उघडता येतो.