5 मिलिमीटरच्या स्पेसरचे 11 महिने

गेल्या मे महिन्यात संभाजीनगरहून परत येताना कन्नडचा घाट उतरलो आणि चाळीसगाव मागे पडल्यावर मोकळा रस्ता मिळाला म्हणून वेग ऐंशीच्या पुढे नेला, तेव्हा स्टिअरिंग इतके थरथरू लागले की डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मा सरकत सरकत काचेला जाऊन टेकला. त्यापूर्वी तीन-चार महिने हलकी थरथर जाणवत होती, पण जळगाव-धुळे रस्त्यावर नव्वदच्या आसपास स्टिअरिंग थोडे गुदगुल्या केल्यासारखे हलते, एवढेच तिचे स्वरूप होते आणि मी ती टायरच्या माथी मारून मोकळा झालो होतो. त्या दिवशी मात्र भडगावपर्यंत साठच्या वर जाण्याची हिंमत झाली नाही.

गाडी स्विफ्ट, सहा वर्षांची. मागच्या नोव्हेंबरमध्ये जुन्या बाजारातून 15 इंची अलॉय रिमचा संच 13,000 रुपयांना मिळाला. पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, 4×100 जुळत होता. परंतु रिम मूळ चाकापेक्षा रुंद आणि तिचा ऑफसेटही (तो जितका जास्त, तितके चाक गाडीच्या आत बसते) 5 मिलिमीटरने जास्त असल्यामुळे पुढच्या टायरची आतली कड सस्पेन्शनच्या स्ट्रटला जवळजवळ चिकटत होती. मागच्या चाकांना तो प्रश्न नव्हता. विकणाऱ्याने पुढच्यासाठी रिमच्या मागे घालायच्या 5 मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या, म्हणजेच स्पेसर, 1,400 रुपयांना दिल्या आणि टायरच्या दुकानात त्या दहा मिनिटांत बसवल्याही गेल्या. योग्य मापाच्या नव्या रिमचा भाव त्याच दुकानात 24,000 सांगितला होता. साडेनऊ हजार वाचले, या आनंदात मी घरी आलो.

पहिला आक्षेप आमच्या जुन्या मिस्त्रीने घेतला. त्याने चाकाकडे पाहिले, नटावर पाना लावला आणि म्हणाला, "कितला आटा चढतस ते मोज ना भाऊ." तेव्हापासून आटे मोजण्याचा मला नाद लागला आहे आणि या लेखात त्याला जरा जास्त जागा मिळणार आहे, हे आधीच कबूल करतो. या गाडीचा स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) 12 मिलिमीटर व्यासाचा आणि त्याचे आटे 1.25 मिलिमीटर अंतराचे, म्हणजे नटाचा एक पूर्ण फेरा झाला की तो तेवढाच पुढे सरकतो. नट किमान स्टडच्या व्यासाइतका तरी आत गेला पाहिजे, हा मिस्त्री लोकांचा जुना नियम. म्हणजे आपल्या बाबतीत जवळपास दहा फेरे. स्पेसर काढून तीच रिम बसवली तेव्हा नट हाताने फिरवत मी 11 फेरे मोजले. स्पेसर घातल्यावर सात. 5 मिलिमीटरची चकती म्हणजे बरोबर चार फेरे खाल्ले, हे गणित शाळकरी मुलालाही जमले असते, पण दुकानात उभे असताना मला ते सुचले नाही आणि न्यूमॅटिक गनने नट आवळणाऱ्या मुलाला सुचण्याचे कारणच नव्हते, कारण गनच्या आवाजात सात फेरे आणि अकरा फेरे सारखेच ऐकू येतात.

सात फेऱ्यांवर मी सहा महिने गाडी चालवली, हे आज लिहितानाही बरे वाटत नाही. लांब स्टडचा खर्च डोळ्यांपुढे होता, म्हणून "पुढच्या महिन्यात बघू" असे म्हणत राहिलो.

थरथरीचे कारण मात्र आटे नव्हते. त्या सहा महिन्यांत मी तीन वेळा बॅलन्सिंग करून घेतले, दर वेळी पुढच्या दोन चाकांचे 500 रुपये दिले आणि दर वेळी यंत्रावर दोन्ही बाजूंना शून्य आलेले पाहिले. तिसऱ्या वेळी, म्हणजे घाटाच्या प्रवासानंतर, दुकानदाराने माझ्याकडे वहिमी माणसाकडे पाहावे तसे पाहिले. तो खोटे बोलत नव्हता. बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक त्याच्या स्वतःच्या मधल्या भोकाच्या आधाराने शंकूवर बसते, म्हणून तिथे ते अचूक मध्यावर फिरते. गाडीवर ते कशाच्या आधाराने मध्यावर येते, याच्याशी त्या यंत्राचा काहीही संबंध नसतो.

माझ्या गाडीवर ते कशाच्याच आधाराने बसलेले नव्हते. स्विफ्टच्या हबची (चाक गाडीवर ज्या भागाला आवळले जाते त्याची) मधली गोल कड 54.1 मिलिमीटरची, तर बाजारातल्या अनेक गाड्यांना चालाव्यात म्हणून बनवलेल्या बहुतेक रिमांप्रमाणे माझ्या रिमचे भोक 73.1 मिलिमीटरचे. मधली फट भरण्यासाठी प्लास्टिकची कडी येते. चकती घातल्यावर हबची कड जेमतेम 3 मिलिमीटर बाहेर उरली होती आणि कडी तेवढ्यावरच लटकत होती. चाक काढले तेव्हा डाव्या बाजूची कडी एका अंगाने चेपून लंबगोल झालेली दिसली. मे महिन्याचे ऊन आणि घाटात पुढच्या डिस्कची उष्णता, यांपुढे त्या प्लास्टिकचा निभाव लागला नसावा. चाक केवळ चार नटांच्या भरवशावर, मध्यापासून किंचित बाजूला फिरत होते.

इथे मला माझे मत बदलावे लागले. तोपर्यंत मी "स्पेसर ही वस्तूच घातक" या निष्कर्षाला आलो होतो आणि दोन मित्रांना तसे सांगूनही बसलो होतो. स्पेसरमुळे बेअरिंग जातात, हे तर जो तो सांगतो. पण माझी रिम 5 मिलिमीटरने आत होती आणि चकतीने ती तेवढीच बाहेर आणली. म्हणजे चाकाचा मध्य कंपनीने ठरवला होता तिथेच आला आणि बेअरिंगवर ऑफसेटमुळे जादा भार येण्याचे कारण उरले नाही. तोच भार, कोणी स्पेसर न लावता नुसती कमी ऑफसेटची रिम बसवून चाक बाहेर काढले, तरी येतो. निव्वळ दिसण्यासाठी 25 मिलिमीटरचे स्पेसर लावून टायर फेंडरच्या बाहेर काढणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बेअरिंगचे आणि त्यांच्या विम्याच्या दाव्याचे त्यांनी पाहावे.

जुलैमध्ये दोन कामे केली. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या यंत्रांचे रोलर दुरुस्त करणाऱ्या एका लेथवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमची नवी जोडी करून घेतली: चकती आणि कडी एकाच तुकड्यात, आतून 54.1 आणि बाहेरून 73.1. त्याने व्हर्नियर तीन ठिकाणी लावून माप घेतले आणि रिम बसवून पाहिली, तेव्हा ती हाताने ढकलल्यावर किंचित हवा दाबल्यासारखा आवाज करत आत गेली. 11 महिन्यांत या गाडीने दिलेले हे सर्वांत मोठे सुख. दोघा तुकड्यांचे 2,400 रुपये त्याने संकोचत सांगितले. दुसरे काम 10 मिलिमीटरने लांब स्टडचे. आठ स्टडचे 960, पण ते बसवायला हब दाबून बाहेर काढावे लागले आणि त्यात बेअरिंग शाबूत राहणार नाही, असे मिस्त्रीने आधीच बजावले होते; चांगली चाललेली बेअरिंगे बदलण्याचे 2,800 आणि मजुरी 1,800. आता नट 15 फेरे चढतो. चाक अधांतरी असताना नट हाताने, समोरासमोरच्या क्रमाने बसवायचे, गाडी खाली टेकल्यावर टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळायचे आणि 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे; गन लावू देत नाही. दुकानातली मुले हसतात.

रिम, दोन्ही पिढ्यांचे स्पेसर, तीन बॅलन्सिंग, स्टड, बेअरिंगे आणि मजुरी मिळून खर्च 23,860 रुपये झाला. नव्या रिमच्या तुलनेत माझे 140 रुपये वाचले. बायकोने हा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला आहे.

जुलैनंतर साडेचार हजार किलोमीटर झाले, नव्वदलाही स्टिअरिंग स्थिर आहे. तरी सप्टेंबरमध्ये पारोळ्याच्या अलीकडे पुढचे चाक पंक्चर झाले, तेव्हा एक गोष्ट कळली. स्टेपनी कंपनीची, 54.1 च्या भोकाची. ती नव्या कडीवर चढेना. स्पेसर काढून थेट हबवर लावली, नट घट्ट लागले, आणि तरीही चाक हाताने हलवल्यावर खडखडले. टोपीबंद नटाचा तळ लांब स्टडच्या टोकाला टेकला होता. पान्याला घट्ट लागत होते, पण चाक आवळले जात नव्हते. शेवटी स्पेसर परत चढवून मागचे अलॉय पुढे आणले आणि स्टेपनी मागे लावली, म्हणजे भर दुपारी दोनदा जॅक लावला. तेव्हापासून आरपार भोकाचे चार नट एका चेनच्या पाकिटात घालून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवले आहेत आणि गाडी दुसऱ्या कोणाला देताना किल्लीबरोबर त्या पाकिटाचीही आठवण करून देतो.